पालिकेची शाळा, संस्थेची सेमी की इंग्लिश मीडियम? आधी पट बघा, बोर्ड नंतर

जानेवारी लागला की ज्यांच्या घरात पहिलीत जाणारं पोर आहे त्यांच्या डोक्याला भुंगा लागतो. आमच्या चुलत भावाचं तेच झालंय. बदली होऊन तालुक्याच्या गावी आलाय, पोराला येत्या 31 डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होतात म्हणजे जूनमध्ये पहिली, आणि परवा फोनवर एकच प्रश्न, दादा कुठली शाळा चांगली? मी म्हणलं चांगली म्हणजे काय ते तरी सांग, तर म्हणे अरे चांगली म्हणजे इंग्लिश मीडियमच ना, दोनपैकी कुठली तेवढं सांग. म्हणजे पालिकेची शाळा त्याच्या यादीतच नाही. दोन वर्षांपूर्वी मी पण याच जागेवर होतो, आमच्या पोरीसाठी गावातल्या शाळा पालथ्या घातल्या, काही ठिकाणी आत घेतलं काही ठिकाणी गेटवरूनच परत पाठवलं, आणि त्यातून जे कळलं ते फोनवर सांगून होईना म्हणून सगळं लिहूनच काढतोय.

छोट्या गावात तीन प्रकारच्या शाळा असतात. एक सरकारी, म्हणजे गावात नगरपरिषदेची आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर जिल्हा परिषदेची, बहुतेक पहिली ते चौथी नाहीतर सातवीपर्यंत. दुसरी संस्थेची अनुदानित, जुनी दगडी इमारत, मोठं ग्राउंड, आपले काका-मामा तिथंच शिकलेले असतात, पगार सरकार देतं पण कारभार संस्थेचा, यातल्या बऱ्याच पाचवी ते दहावी आहेत आणि काहींना खाली प्राथमिक जोडलेली आहे. तिसरी स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे 2012 च्या कायद्याने निघालेल्या बिनअनुदानाच्या शाळा, ज्याला आपण सरळ इंग्लिश मीडियम म्हणतो. तिथं नर्सरीपासून पोर अडकतं आणि मग सोडवत नाही, कारण बेस्ट फ्रेंड झालेला असतो आणि व्हॅनवाले काका ओळखीचे झालेले असतात.

एक आधीच सांगतो. सरकारी चांगली का खासगी चांगली हा प्रश्नच माझ्या मते चुकीचा आहे. तुमच्या पोराला सरकारी शाळेत घालायचं नसतं, त्या अमुक इमारतीत, त्या अमुक बाईंच्या वर्गात घालायचं असतं. एकाच गावात पालिकेच्या दोन शाळांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 चा ग्लोबल टीचर प्राईज मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ स्पर्धकांना वाटून दिली, हे सगळ्यांना पाठ आहे, पण त्यावरून आपल्या कोपऱ्यावरच्या शाळेबद्दल काहीच सिद्ध होत नाही. तसंच एका शाळेत शिपाईच नाही म्हणून मुलं झाडू मारतात हे व्हॉट्सॅपवर आलं तर त्यावरूनही काही सिद्ध होत नाही.

पट कसा वाचायचा

लोकांचा हिशोब साधा असतो, जिथं गर्दी ती शाळा चांगली. सगळे तिकडं चाललेत म्हणजे काहीतरी असेलच. अर्धा खरा आहे हा हिशोब. पट म्हणजे शाळेत नाव असलेली मुलं, आणि सरकारी शाळेत पट हा नुसता आकडा नसतो, त्यावर शाळेला मास्तर मिळतात. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, त्याच्या तक्त्यात पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 ला 3, 91 ते 120 ला 4, 121 ते 200 ला 5 असं आहे. आता विचार करा, 60 पटाच्या शाळेत चार वर्ग आणि दोन शिक्षक. म्हणजे पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या. एका वर्गाला बाराखडी सांगायची तोवर दुसऱ्याला गणितं घालून ठेवायची. त्यात एक शिक्षक केंद्रावर मीटिंगला गेला, किंवा बीएलओ म्हणून मतदार यादीच्या कामाला लागला, की उरलेल्या एकानं चारही वर्ग सांभाळायचे. मास्तर कितीही जीव ओतणारा असला तरी त्याला हात दोनच आहेत.

आणि इथून ते चक्र सुरू होतं. दोन पालकांनी पोरं काढली, पट 61 च्या खाली आला, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांच्या जागा ठरवतात त्यात, एक शिक्षक अतिरिक्त ठरला, त्याचं समायोजन दुसरीकडं झालं, मग उरलेल्या पालकांना वाटलं इथं तर मास्तरच नाहीत, त्यांनी पण काढली. शाळेचा दर्जा घसरला म्हणून पट गेला का पट गेला म्हणून दर्जा घसरला हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. 2023 मध्ये समूह शाळांची, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करायची, चर्चा निघाली तेव्हा राज्यात 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा पंधरा हजारांच्या आसपास असल्याचं समोर आलं होतं. आणि देशाचा आकडा तर, 2024-25 च्या युडायसप्रमाणे, म्हणजे सगळ्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी नोंदीप्रमाणे, एकशिक्षकी शाळाच एक लाखाच्या वर आहेत.

म्हणून पट विचारताना एकूण आकडा विचारूनच परत येऊ नका, वर्गवार विचारा. प्रत्येक शाळेला 11 आकडी युडायस कोड असतो, आपल्या राज्याचे 27 ने सुरू होतात, शाळेच्या बोर्डवर लिहिलेला असतो, तो युडायसच्या पोर्टलवर टाकला की वर्गवार मुलं, शिक्षक किती, खोल्या किती सगळं दिसतं. सरकारी असो का खासगी, दोन्हीचं. मी तेव्हा रात्री साडेअकराला बसून गावातल्या सगळ्या शाळांचे आकडे वहीत उतरवून काढले, बायको म्हणली तुम्हाला शाळा बघायचीय का तलाठ्याची परीक्षा द्यायचीय.

पण त्या वहीनंच मला खरी गोष्ट सांगितली. सरकारी शाळेत पहिलीचा आकडा चौथीपेक्षा खूप लहान असेल तर समजायचं शाळा आटत चाललीय, तीन वर्षांनी तुमचं पोर चौथीत जाईल तेव्हा तिथं कदाचित दोनच शिक्षक असतील. उलट पहिलीचा आकडा चौथीच्या बरोबरीनं किंवा जास्त असेल तर गावातल्या लोकांचा विश्वास परत येतोय. इंग्लिश मीडियमला हेच उलटं वाचायचं. तिथं नर्सरीला आणि केजीला गर्दी असतेच, बघायचं ते पाचवी-सहावीला. खाली दोन तुकड्या आणि वर एकच अर्धी तुकडी असं दिसलं तर बाकीची पोरं गेली कुठं हे विचारा. बहुतेक वेळा फी वाढत गेली किंवा पालकांना कळून चुकलं म्हणून गेलेली असतात. शिवाय शाळेला मान्यता कितवीपर्यंत आहे हे कागदावर बघा. काही ठिकाणी मान्यता चौथीपर्यंत आणि वर्ग सहावीपर्यंत असला प्रकार चालतो, मग दाखल्याच्या वेळी रडायची पाळी.

आणि बोर्डवर सीबीएसई पॅटर्न लिहिलंय का सीबीएसई हे पण नीट वाचा. पॅटर्न म्हणजे काहीच नाही, पुस्तकं तशी आणली की झाला पॅटर्न. खरी संलग्न असेल तर संलग्नता क्रमांक असतो, तो सीबीएसईच्या साईटवर सापडतो. क्रमांक विचारला की ऑफिसमधल्या मॅडमचा चेहरा बघायचा.

कागदावरचा पट आणि वर्गात बसलेली मुलं यातला फरक ही जुनी भानगड आहे. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली होती, बोटाला शाई लावून मुलं मोजली होती, ते आठवत असेल, तेव्हा कितीतरी शाळांचा फुगवलेला पट उघडा पडला. आता आधार जोडल्यामुळं तसं फुगवणं अवघड झालंय, पण हजेरीचा प्रश्न आहेच. त्यामुळं शाळा बघायला प्रवेशोत्सवाच्या दिवशी जाऊ नका, रांगोळी आणि फुगे बघून काही कळत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी जा, किंवा सुगीच्या दिवसात. त्या दिवशी वर्गात जेवढी पोरं दिसतील ती खरी शाळा.

निकाल म्हणजे कुठला निकाल

आता परफॉर्मन्स. संस्थेच्या आणि इंग्लिश मीडियमच्या गेटवर फ्लेक्स असतोच, दहावीचा निकाल शंभर टक्के, खाली पाच पोरांचे फोटो. आता 2024 ला राज्याचाच दहावीचा निकाल 95.81 टक्के होता आणि 2025 ला 94.10. राज्यच पंचाण्णवच्या आसपास आहे तर शंभरात कौतुक ते किती. त्यातही प्रत्येक विषयाला अंतर्गत 20 मार्क शाळेच्याच हातात. आणि अजून एक, नववीत कच्ची पोरं हेरून त्यांच्या पालकांना बोलवून 17 नंबरचा फॉर्म भरायला लावणं, म्हणजे पोरगा बाहेरून बसला की शाळेच्या निकालात धरला जात नाही, हे गावोगाव चालतं. माझ्या मावसभावाला असंच बसवलं होतं, कुठल्या शाळेनं ते सांगत नाही. त्यामुळं दहावीच्या फ्लेक्सला भुलू नका, विचारायचं असेल तर हे विचारा की आठवीत किती पोरं होती आणि त्यातली दहावीला किती बसली.

आणि पहिलीला प्रवेश घेताना दहावीचा निकाल बघणं म्हणजे लग्नाच्या आधीच नातवाचं नाव ठेवणं.

प्राथमिकला बघायचं एकच, चौथीतलं पोर वाचतं का. देशभर ग्रामीण भागात घरोघरी जाऊन असर नावाची पाहणी होते, 2005 पासून चाललीय, ते मुलाच्या हातात दुसरीच्या पातळीचा उतारा देतात आणि वाच म्हणतात, गणितात हातच्याची वजाबाकी आणि तीन आकडी संख्येला एका आकड्यानं भागाकार. एवढंच. 2024 च्या असरमध्ये पाचवीतली सरकारी शाळेतली 44.8 टक्के मुलं दुसरीचा उतारा वाचू शकली, खासगीतली 59 टक्क्यांच्या आसपास. हा देशाचा आकडा. आता हा आकडा दोन्ही बाजूनं वापरता येतो. एक म्हणेल बघा खासगी पुढं आहे. आहेच. पण खासगीत पोर घालणारा बाप स्वतः चार बुकं जास्त शिकलेला असतो, घरी अभ्यास घेतो, ट्युशन लावतो, तो फरक शाळेचा किती आणि घराचा किती? आणि दुसरी बाजू म्हणजे फी भरूनसुद्धा पाचवीतली दर दहातली चार पोरं दुसरीचं वाचू शकत नाहीत, हे फी भरताना कुणी सांगतं का.

याच असरमध्ये पटाची गोष्ट पण दिसते. 6 ते 14 वयातली सरकारी शाळेत असणारी मुलं 2018 ला 65.6 टक्के होती, कोरोनात कामधंदे बसले तेव्हा 2022 ला 72.9 वर गेली आणि 2024 ला परत 66.8 वर. म्हणजे त्या दोन वर्षांत सरकारी शाळा अचानक भारी झाल्या आणि मग परत बिघडल्या असं थोडंच आहे, खिशात पैसे नव्हते तेव्हा आली आणि पैसे आल्यावर गेली. पट वाढला कमी झाला यावरून शिकवणं कसं आहे ते ठरवू नये ते यासाठी.

ही असरची परीक्षा तुम्ही स्वतः घेऊ शकता, कुणाची परवानगी लागत नाही. तुमच्या गल्लीत प्रत्येक शाळेतलं एक तरी चौथीतलं पोर असतंच. दुसरीचं बालभारतीचं पुस्तक घ्या, न शिकवलेलं पान उघडा, चॉकलेट द्या आणि वाचायला सांगा. मी सहा पोरांना वाचायला लावलं. इंग्लिश मीडियमवाल्यांना त्यांचं इंग्रजीचं पुस्तक दिलं, ज्यांच्या आया रोज डायरी सही करतात अशी पोरं. त्यातलं एक पोरगं धाडधाड वाचत गेलं आणि मी म्हणलं व्वा, मग विचारलं की यात काय झालं सांग मराठीत, तर गप्प. परत विचारलं, गप्प. त्याला अक्षर वाचता येत होतं, अर्थ नाही. पालिकेच्या शाळेतली एक पोरगी अडखळत वाचत होती पण प्रत्येक ओळीला हसत होती, कारण तिला गोष्ट कळत होती. सहा पोरांवरून शास्त्र होत नाही हे मला कळतं, पण माझा निर्णय त्या हसण्यानं निम्मा झाला.

अजून एक मोजमाप म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षा. राज्य परीक्षा परिषदेची, दोन पेपर, प्रत्येकी 150 मार्क. मधे काही वर्षं ती पाचवी-आठवीला नेली होती, आता परत चौथी-सातवीला आणलीय. यात गुणवत्ता यादीत एक पोरगं आलं की शाळा पाच वर्षं तोच फोटो वापरते. तुम्ही विचारा की वर्गातली किती मुलं बसवली आणि किती पात्र झाली. फक्त हुशार चार पोरं निवडून त्यांच्यावरच जादा तास घेणारी शाळा आणि अख्खा वर्ग बसवणारी शाळा यात मी दुसरी घेईन, निकालाचे टक्के कमी दिसले तरी.

इंग्लिशचं काय

खरं भांडण इथंच आहे. माझ्या भावाचं म्हणणं पुढं सगळं इंग्लिशमध्येच आहे मग आत्तापासून का नको. त्यात चूक काही नाही. फक्त दोन गोष्टी. राज्यातल्या मराठी शाळांमध्ये 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी विषय आहे, हे अजून कितीतरी पालकांना माहीत नाही, त्यांच्या डोक्यात अजून पाचवीला एबीसीडीच आहे. आणि छोट्या गावातल्या इंग्लिश मीडियममध्ये इंग्लिश बोलतं कोण? टीचर आपल्याच गावच्या, बीए झालेल्या, पगार हातावर पोट असल्यासारखा, त्या बिचाऱ्या पुस्तकातलं वाक्य इंग्लिशमध्ये वाचतात आणि समजावतात मराठीतच. घरी कुणी बोलत नाही. पोर टू वन झा टू म्हणतं आणि दुकानात एकोणसत्तर रुपये झाले म्हणलं की तोंडाकडं बघतं. 2019 ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला वीस सात म्हणायचा पर्याय दिला तेव्हा केवढा दंगा केला होता आपण सगळ्यांनी, आणि स्वतःच्या घरात पोराला सत्तावीस पण येत नाही.

शहरातल्या चांगल्या इंग्लिश शाळेशी याची तुलना करू नका, तिथं टीचर टिकतात आणि घरी पण थोडं बोलणं असतं. गावात विचारायचा प्रश्न हा, या वर्गाला मागच्या वर्षी कोणत्या टीचर होत्या आणि यंदा कोण आहेत. आमच्या शेजाऱ्यांच्या पोराला एका वर्षात तीन क्लास टीचर झाल्या, पहिली लग्न होऊन गेली, दुसरीला दुसऱ्या शाळेत हजार रुपये जास्त मिळाले. पालिकेच्या शाळेत हे होत नाही, तिथं माणूस कायम असतो. फक्त कायम असण्याचे पण तोटे आहेत, नको असलेला मास्तर पण कायमच असतो! जिल्हा परिषदेत ऑनलाइन बदल्या होतात, ज्या गुरुजींच्या जीवावर शाळा नावारूपाला आली तेच एका मेच्या सुट्टीत दुसऱ्या तालुक्यात जातात आणि शाळा जागेवर बसते. पालिकेच्या शिक्षकांची बदली झाली तरी बहुतेक गावातल्याच दुसऱ्या शाळेत, म्हणून मी पालिकेला अर्धा मार्क जास्त दिला.

सेमी हा मधला रस्ता. गणित आणि विज्ञान इंग्लिशमधून, बाकी मराठीतून. काही ठिकाणी पहिलीपासून आहे, काही ठिकाणी पाचवी किंवा आठवीपासून. माझं मत, सेमी चांगलंच आहे, पण आधी पोराला मराठीत गणित कळलेलं असावं, नाहीतर गणितही जातं आणि इंग्लिशही. आणि एक व्यवहाराची गोष्ट, मराठीतून पाचवीला सेमीत जाणं जमतं, पण पाचवीत इंग्लिश मीडियम सोडून मराठीत आलेल्या पोराचे हाल होतात, जोडाक्षर लिहिताना घाम फुटतो. म्हणजे पहिलीला इंग्लिश मीडियम घेतलं तर परतीचा रस्ता अरुंद आहे, पहिलीला मराठी घेतलं तर पुढं दोन रस्ते उघडे राहतात.

पैसे, आणि पैशाशी जोडलेल्या बारीक गोष्टी

सरकारी शाळेत आठवीपर्यंत फी नाही, पुस्तकं फुकट, दुपारी पोषण आहार, गणवेश पण. अनुदानितला पण आठवीपर्यंत पुस्तकं आणि आहार असतो. इंग्लिश मीडियमला फी विचारली की ते ट्यूशन फीच सांगतात, तुम्ही वर्षाची बेरीज मागा, ॲडमिशन, टर्म फी, बुक सेट, गॅदरिंगचा ड्रेस, व्हॅन, आणि वरून संध्याकाळची ट्युशन जी नाही लावली तर टीचरच सुचवतात. 2011 च्या फी कायद्याप्रमाणे फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढं ठेवावी लागते, तर समितीत कोण पालक आहेत ते विचारा, दहापैकी आठ पालकांना अशी समिती आहे हेच माहीत नसतं. पहिलीच्या प्रवेशाला पोराची मुलाखत किंवा परीक्षा घेतात तिथं लक्षात ठेवा, आरटीईच्या कलम 13 नं त्याला बंदी आहे.

आरटीईच्या 25 टक्के राखीव जागांतून इंग्लिश मीडियममध्ये फुकट जागा मिळते, ऑनलाइन अर्ज आणि लॉटरी. आर्थिक दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं, अनुसूचित जाती-जमाती वगैरे वंचित गटाला उत्पन्नाची अट नाही. फेब्रुवारी 2024 ला सरकारनं नियम बदलला होता की जवळ एक किलोमीटरवर सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगीला 25 टक्के द्यायची गरज नाही, तो जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केला, म्हणजे जागा आहेत. पण पुढचं कुणी सांगत नाही, हे फुकट आठवीपर्यंतच. नववीला पूर्ण फी. तेव्हा भरता येणार नसेल तर ऐन नववीत पोराला शाळा आणि माध्यम दोन्ही बदलावं लागतं. ते आत्ताच डोक्यात ठेवा.

दोन गोष्टी अशा आहेत ज्या मला कुठल्याच शाळेनं सांगितल्या नाहीत, एका निवृत्त केंद्रप्रमुखांनी चहा पिता पिता सांगितल्या. एनएमएमएस म्हणून आठवीत परीक्षा असते, पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12 हजार रुपये, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. ही सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळेतल्या पोरांनाच बसता येते, विनाअनुदानित इंग्लिश मीडियमवाल्यांना नाही. दुसरं नवोदय, म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा. सहावीच्या प्रवेशाला 75 टक्के जागा ग्रामीण, आणि ग्रामीण धरायचं तर तिसरी चौथी पाचवी तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात, या तीन वर्षांत शहरी भागातल्या शाळेत एक दिवस जरी शिकलं तरी शहरी धरतात. नगरपरिषदेचं गाव शहरी. म्हणजे वाडीवरून चांगल्या शाळेसाठी पोराला तिसरीत तालुक्याला आणलं, की नवोदयच्या ग्रामीण जागेवर पाणी. हे जर नवोदय डोक्यात असेल तर वस्तीवरची झेडपी शाळाच बरी पडते, अर्थात तिथं शिकवणारा माणूस असेल तर.

मग मी काय केलं

भावाला मी हे सांगितलं. पोर पहिलीत जातंय, चालत जाता येईल अशा अंतरावर पालिकेची किंवा झेडपीची शाळा असेल, निदान तीन शिक्षक असतील, पहिलीचा पट आटत नसेल आणि चौथीतली पोरं वाचत असतील, तर चौथीपर्यंत तिथंच घाल आणि पाचवीला संस्थेच्या सेमीत टाक. वाचलेल्या फीमधून घरी गोष्टींची पुस्तकं आण. यातली शिक्षकांची अट मोडत असेल, म्हणजे चार वर्ग आणि एक-दोनच शिक्षक, तर अभिमानाच्या गोष्टी बाजूला ठेव आणि संस्थेची प्राथमिक बघ, तिथं वर्गात साठ पोरं कोंबलेली असतील तरी प्रत्येक वर्गाला माणूस असतो. इंग्लिश मीडियम तेव्हा, जेव्हा घरी कुणीतरी रोज तासभर इंग्लिशमध्ये बसणार आहे आणि तिथल्या टीचर दोन-तीन वर्षं टिकल्यात. तुझी नोकरी बदलीची असून पुढचं पोस्टिंग परराज्यात असेल तर ते वेगळं, मग सीबीएसईच बघ, आणि पॅटर्नवाली नाही, खरी.

तो म्हणला, दादा पण सोसायटीत सगळ्यांची पोरं व्हॅननं जातात, माझंच चालत जाणार? यावर माझ्याकडं उत्तर नाही. आमच्याकडं पण सासूबाई अजून विचारतात की पैसे कमी पडतायत का.

आमची पोरगी आता पालिकेच्या शाळेत दुसरीत आहे. इमारतीचा रंग उडालाय, नळाला दुपारनंतर पाणी नसतं, शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगला मी जातो कारण तिथं 75 टक्के सभासद पालकच असतात आणि बाकीचे कुणी बोलत नाहीत म्हणून मला बोलावं लागतं. बाई चांगल्या आहेत. मागच्या बैठकीत मुख्याध्यापकांनी वही काढून पट वाचून दाखवला, 63. शिक्षक तीन. मग चष्मा काढून म्हणले, मागच्या आळीतल्या तिघांनी जूनमध्ये दाखला काढायचं बोलून ठेवलंय.

त्यातले एक माझ्या ओळखीचे आहेत. रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडं चहाला जाणार आहे, ती वही घेऊन.